शेंदराखालचा नंबर

माझ्या बायकोला सवत आहे. वयानं शंभरीच्या पुढची, अंगानं बुटकी, पोट सुटलेली आणि कित्येक वर्षं एकाच जागी गंजत उभी. "तरी तुमचा सगळा जीव तिच्यातच," असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आणि वर पदर तोंडाला लावून हसते. पाहुणे दचकतात. मग मला खुलासा करावा लागतो की, ही सवत म्हणजे बंद पडलेल्या गिरणीच्या आवारातलं वाफेचं इंजिन आहे. खुलासा ऐकल्यावर पाहुणे जास्तच दचकतात.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात जन्मभर अर्थशास्त्र शिकवलं. म्हणजे मी बोलत होतो आणि पोरं झोपत होती. निवृत्त झाल्यावर लोक तळ्याकाठी फिरायला जातात, भजनी मंडळात टाळ धरतात, निदान शेअर बाजारात हात पोळून घेतात. मला इंजिनाचं वेड लागलं. एका माजी विद्यार्थ्याला बिल्डरकडे नोकरी होती. "सर, जुनी गिरणी पाडायच्या आधी बघून घ्या," म्हणून तो मला आवारात घेऊन गेला. तिथं बाभळीच्या झुडपात ते उभं होतं. मी एकदा बघितलं आणि कामातून गेलो.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, लग्नाच्या पंगतीत सांगतो तेवढा लांबवणार नाही. तिथं एकदा माझ्या दोन्ही बाजूंची माणसं जिलेबी टाकून उठून गेली होती.

मोठ्या इंजिनाच्या मागं कोळशापाण्याचा वेगळा डबा असतो. आमच्या या जातीला तो नसतो. पाण्याची टाकी अंगावरच, घोड्यावर खोगीर टाकावं तशी बॉयलरवर बसवलेली. कोळसा ड्रायव्हरच्या पाठीशी एका खणात. त्यामुळं सगळा संसार अंगावर, आणि पुढं जा की मागं जा, त्याला दोन्ही सारखंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडातल्या एका कारखान्यानं असली इंजिनं बंदरांसाठी, खाणींसाठी, गिरण्यांसाठी केली. लांबच्या प्रवासाची ही नव्हेतच. स्टेशनपासून गोदामापर्यंत मालाचे डबे, म्हणजे वाघिणी, ओढायच्या, परत यायचं, पुन्हा जायचं. कारकुनी काम. म्हणूनच मला ती जवळची वाटली असावीत. त्यांतली काही सुटी करून, पेट्यांत भरून बोटीनं मुंबईला आली आणि तिथून जिकडंतिकडं पांगली. मुंबईचा प्रवास संपला तसा त्यांचा मानही संपला. कुणाच्या नोंदी राहिल्या नाहीत. बहुतेक भंगारात गेली.

घोळ पुढं आहे. राणी वारली, तरी कारखान्यानं तोच नमुना चालू ठेवला. बाहेरून बघाल तर राणीचं इंजिन आणि नंतरचं इंजिन यांत तसूभर फरक नाही. जुळ्या भावांतला थोरला कोणता हे आईनंच सांगावं, तसं ते इंजिनाचा नंबरच सांगतो. एका आकड्याच्या अलीकडचं राणीचं, पलीकडचं नंतरचं. नंतरची अजून पुष्कळ उरलीत, कुणी ढुंकून बघत नाही. राणीच्या काळातलं आपल्या देशात एकही उरलेलं नाही, असं सगळे जाणकार मानतात.

सगळे, म्हणजे मी सोडून. मी म्हणत होतो, आमचं सोलापूरचं राणीचंच आहे. पुरावा? डोंबलाचा पुरावा! नंबराची पितळी पाटी कधीच कुणीतरी काढून नेली होती. पितळ होतं ना ते. पण कारखानेवाले तोच नंबर चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्यावरही ठोकायचे, हे मला वाचून ठाऊक होतं. म्हणजे फक्त दांडा बघायचा. एवढं सोपं!

आणि त्या दांड्यावर, नेमक्या त्याच ठिकाणी, वीतभर जाडीचा शेंदूर होता.

तो शेंदूर अक्कांचा. आवाराच्या भिंतीला लागून गिरणीची चाळ आहे, तिथल्या शेवटच्या खोलीत त्या राहतात. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू, दारात मराठी. नवरा या इंजिनाचा शेवटचा ड्रायव्हर. रोज सकाळी इंजिन पेटवण्याआधी तो त्या दांड्याच्या सांध्यात तेल घालायचा. तो गेला, गिरणीही बंद पडली, आणि तेल घालायचं काम अक्कांकडं आलं. दर मंगळवारी तेल आणि शेंदूर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारांबरोबर इंजिनाला हार, लिंबू, नारळ. हळूहळू चाळीतल्या बायका नवस बोलायला लागल्या. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, इथं तर चांगलं चाकाचं लोखंड होतं. बघता बघता राणीच्या कारखान्यातलं ते धूड आमच्याकडं इंजिनबा झालं.

मी सुरुवातीला फार शहाणपणानं वागलो. म्हणजे गुपचूप. आधी शेंदरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, खाली आकडे असतील तर उठतील म्हणून. कागद केशरी झाला, शर्टही झाला. मग लोहचुंबक फिरवून पाहिलं. त्यातून काय कळणार होतं ते मला अजून कळलेलं नाही. शेवटी एका दुपारी, चाळ झोपलीय असं बघून, घरून आणलेलं उलथणं काढलं आणि शेंदराच्या कडेला लावलं.

चाळ झोपलेली नव्हती. विड्या वळणाऱ्या बायका दुपारी झोपत नाहीत, एवढं अर्थशास्त्र मला यायला हवं होतं.

"अय्यो! बाई गं, सर देवाला खरवडायलेत!" कुणीतरी ओरडलं. क्षणात मी आणि माझं उलथणं दहा-बारा बायकांच्या मधोमध. एक म्हणाली पोलिसांना बोलवा, एक म्हणाली वेडं दिसतंय, सोडून द्या. माझी सगळी अब्रू त्या दुसऱ्या मतावर टांगलेली होती. तेवढ्यात अक्का आल्या. हातात विडीची पानं कापायची कात्री तशीच. मला बघून म्हणाल्या, "सर, नारळ फोडा आणि पाया पडा. मग चहा घ्यायला या."

नारळही मला दोन वेळा आपटावा लागला. बायका पोट धरून हसल्या.

खोलीत अक्का मांडीवर सूप घेऊन बसल्या. तेंदूचं पान, चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा. बोलतानाही हात थांबत नव्हते. मी माफी मागून मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. राणी, कारखाना, नंबर. आणि वर हेही की, दूरच्या शहरातल्या एका संग्रहालयाच्या साहेबांशी माझं बोलणं झालंय. ते म्हणालेत, नंबर राणीच्या काळातला निघाला तर दुसऱ्या दिवशी क्रेन आणून इंजिन घेऊन जातो. काचेच्या छताखाली ठेवतील, खाली पाटी, पाटीवर माझंही नाव. बिल्डरचीही ना नाही. नंबर साधा निघाला तर मात्र ते इथंच राहील, बिल्डर ते त्याच्या नव्या इमारतींच्या फाटकाशी ठेवून देणार, कारण शेंदूर लागलेल्या वस्तूला हात लावायची त्याची छाती नाही.

"नेणार?" अक्का म्हणाल्या, आणि त्यांचे हात थांबले.

मला वाटलं, आता रडतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे ते राणीचं हाय का न्हाय, हे कळंल?"

"नंबर दिसला तर लगेच."

मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या कुठल्याच संदर्भग्रंथात नव्हतं. त्यांच्या नवऱ्याला आधीच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं सांगितलं होतं की, हे राणीच्या राज्यातलं इंजिन आहे, नीट सांभाळ. नवऱ्यानं ते जिवाला लावून घेतलं. सणावाराला, चहाच्या टपरीवर, सासुरवाडीत, जिथं बसेल तिथं सांगायचा, माझं इंजिन राणीचं. पितळी पाटी तेव्हाही नव्हतीच, आणि दांड्यावरचे आकडे काय सांगतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गिरणीतल्या लोकांनी त्याचं नाव ठेवलं राणीचा नवरा. तो विणाई खात्याकडून गेला की, माग चालवणारे बायकी आवाज काढायचे.

"लई हसायचे, सर. घरी येऊन म्हणायचे, तू तरी खरं मान. मी बी हसले. म्हणलं, राणी तुमाला इंजिन कशाला दील? आपल्यासारख्याला?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "लोकं हसले तर हसूं दे. बायकोनं हसायला नको हुतं. मग ते बोलायचेच बंद झाले त्या गोष्टीचं. तसेच गेले."

मी चहा फुर्र करून प्यालो. अशा वेळी मला चहा नेहमी मोठ्यानं पिता येतो.

"मग अक्का, खरवडूया ना," मी म्हणालो. "थोडंसंच. तुम्हालाही कळेल."

"छे! देवाला कुणी खरवडतंय का? शेंदूर जास्त झाला की देव आपणहून कवच सोडतो. सोडंल तेव्हा बघू."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर न्हाय," त्या म्हणाल्या. "मी थांबलेच की इतकी वर्सं."

घरी येऊन मी ही सगळी हकीकत बायकोला सांगितली. उलथण्याचा भाग गाळणार होतो, पण उलथणं केशरी झालं होतं. ती नेहमीसारखी खो-खो हसली. अक्कांचं ऐकताना मात्र भाकरी तव्यावर करपू दिली.

पुढं दोन उन्हाळे गेले. संग्रहालयाचे साहेब अधूनमधून विचारायचे, "काय प्राध्यापक, नंबर?" इंजिनांच्या नादिष्ट लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात मी होतो, आणि तिथं माझा उल्लेख राणीचे प्राध्यापक असा व्हायला लागला होता. मला भयंकर राग यायचा. लांबलचक उत्तरं लिहायचो. त्यांवर कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकायचं, आणि विषय संपायचा. राहून राहून मी मंगळवारी चाळीत जायचो आणि शेंदराकडं असा बघत बसायचो की, आंब्याच्या अढीकडंही कुणी इतक्या आशेनं बघितलं नसेल.

यंदा वैशाखात सोलापूर तापलं ते विचारू नका. आम्ही पुतणीच्या लग्नाच्या साड्यांसाठी नवी पेठेत होतो. दुकानदारानं पंधरावी साडी उलगडली आणि माझा फोन वाजला. अक्का.

"सर, कवच सुटलं. लवकर या. मी पुन्यांदा शेंदूर लावायची थांबलेय."

मी बायकोला पिशव्यांसकट गादीवर सोडून पळालो. मागून तिनं दुकानदाराला सांगितलेलं मला ऐकू आलं, "सवतीकडं गेले." रिक्षावाल्याला मी अख्ख्या रस्त्यात तीनदा म्हटलं, जरा जोरात. तो म्हणाला, "काका, दवाखाना का?" मी म्हणालो, "इंजिन." त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि खरंच जोरात घेतली.

आवारात बायका जमलेल्या. उन्हानं तडकून अख्खं कवच निसटलं होतं आणि पांढऱ्या फडक्यावर हळदीकुंकू वाहून ठेवलं होतं. उघडा देव सगळ्यांनी बघू नये म्हणून अक्कांनी चाकाभोवती आपली जुनी साडी बांधली होती. "तुमी तेवढे आत या," त्या म्हणाल्या.

मी साडीच्या आत गेलो, उकिडवा बसलो. गुडघे असे वाजले की, बाहेर कुणीतरी हसलं. लोखंड तेलानं तुकतुकीत होतं. इतक्या वर्षांत त्या जागेला गंज शिवला नव्हता. बाकी इंजिनाची चाळण झालीय, आणि तेवढी एक जागा नवी कोरी. आकडे स्पष्ट होते. आधी डोळ्यांनी वाचले. विश्वास बसेना, म्हणून बोटानं वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. मधल्या वेळात ते बदलले नव्हते.

"सांगा की," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"राणीचंच आहे, अक्का. खरं बोलत होते ते."

त्या मटकन खाली बसल्या. दांड्यावर हात ठेवून तेलुगूत काहीतरी बोलल्या. मला तेलुगू येत नाही. पण नवऱ्याशी भांडण मिटवताना बायका ज्या सुरात बोलतात तो सूर मी चांगला ओळखतो, आमच्या घरी तो क्वचित लागतो म्हणून. बराच वेळ त्या बोलत होत्या, मधेच हसत होत्या, नाक पुसत होत्या. मला वाटलं, मी इथं नसायला हवं. आणि मला इतका आनंद झाला होता की, जावंसंही वाटेना.

मग माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. हात आपोआप खिशात गेला आणि मोबाइल बाहेर आला.

अक्कांनी ते बघितलं. अडवलं नाही. एवढंच विचारलं, "फोटो काढला की नेतील, न्हाय का?"

खोटं बोलता आलं असतं. "हो," मी म्हणालो. "नेतील."

"बरं." त्यांनी डोळे पुसले. "मला कळायचं हुतं ते कळलं. आता तुमी बघा." आणि शेंदूर-तेल कालवलेली वाटी त्यांनी माझ्यापुढं केली. "कवच सुटल्यावर पहिला लेप घरच्या पुरुषानं लावायचा असतो. आमच्यात कुणी न्हाय आता. तुमी लावा."

माझ्या एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात वाटी. आता मी लिहायला हवं की, माझं अंतःकरण उचंबळून आलं वगैरे. तसं काही झालं नाही. मला काचेचं छत दिसलं, पाटी दिसली, पाटीवरचं माझं नाव दिसलं. ग्रुपवरच्या एकेकाचं तोंड दिसलं. गुपचूप एक फोटो काढून मग लेप लावावा, हेही सुचलं. विद्वान माणसाला असलं चटकन सुचतं. पण अक्का माझ्याकडं बघतही नव्हत्या. त्या दांड्याकडंच बघत होत्या, आणि त्यांचा एक हात अजून त्यावरच होता.

मी मोबाइल खिशात टाकला. वाटीत हात बुडवला आणि आकड्यांवर शेंदूर फासला. पहिला आकडा गेला, दुसरा गेला. शेवटच्या आकड्याशी हात अडला, तेव्हा मला स्वतःचीच कीव आली. मग तोही गेला.

सुटलेल्या कवचाच्या आतल्या बाजूला ते आकडे उलटे उमटलेले होते. हा तर आणखी भक्कम पुरावा! पण कवच पाण्यात सोडायचं असतं. अक्का म्हणाल्या, तुमीच धरा. म्हणून रिक्षात ते फडक्यात बांधून मी मांडीवर घेऊन बसलो आणि नदीवर जाऊन माझ्या सगळ्या संशोधनाचा उरलासुरला पुरावा स्वतःच्या हातानं बुडवून आलो. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बरं, ते धुपाटणंही अक्कांचं, परत करावं लागलं.

दुपारीच साहेबांचा फोन आला, त्यांना कसं कळलं कोण जाणे. "काय प्राध्यापक, कवच पडलं म्हणे. नंबर मिळाला?"

"नाही," मी म्हणालो. "दांडा गुळगुळीत आहे."

"मी सांगत होतो ना," ते म्हणाले, आणि हसले. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊन पडली. मी एकालाच लिहिलं, इंजिन राणीचंच आहे, मला माहीत आहे. त्यानं विचारलं, कशावरून? या प्रश्नाला आता जगात दोनच माणसं उत्तर देऊ शकतात, आणि दोघांनीही तोंड बंद ठेवलंय.

घरी आलो तेव्हा बायको साड्यांच्या घड्या घालत होती. माझ्या हातांकडं बघून म्हणाली, "पुन्हा उलथणं?"

मी मोरीत जाऊन साबण लावला. शेंदूर साबणानं निघत नाही, नुसता पसरतो. मनगटापर्यंत केशरी होऊन मी मोरीच्या दारात उभा राहिलो.

"सापडला का नंबर?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग राणीचं नव्हे तर."

"राणीचंच आहे."

"कशावरून?"

"मी म्हणतो म्हणून," मी म्हणालो, आणि तिच्या हसण्याची वाट बघत उभा राहिलो. लग्न झाल्यापासून असली एकही संधी तिनं सोडलेली नाही.

ती उठली. फडताळातून खोबरेल तेल आणलं, माझे हात धरले आणि नखांच्या कडेनं एकेक बोट चोळायला लागली.

"असेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय तर असेल."

इतक्या पंगतींत, इतक्या व्याख्यानांत, असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला दुसराही हात दिला.